टेक्नेशियम जनरेटर: कुठला घ्यावा, आणि कुठल्या वारी घ्यावा

न्यूक्लियर मेडिसिनच्या हॉट लॅबमध्ये (जिथे किरणोत्सर्गी औषधं तयार होतात) दर आठवड्याला नव्याने विकत घ्यावी लागणारी आणि हातात पडल्या क्षणापासून ओसरत जाणारी सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे टेक्नेशियम जनरेटर, स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सर्गी टेक्नेशियम देणारा डबा. गॅमा कॅमेरा एकदा घेतला की दहा-बारा वर्षं चालतो आणि त्याच्या खरेदीसाठी समित्या बसतात. जनरेटरची ऑर्डर मात्र बऱ्याच ठिकाणी ‘मागच्या वेळी घेतला तोच पाठवा’ एवढ्यावर जाते. हे परीक्षण ज्यांच्यावर ती ऑर्डर द्यायची आणि सकाळी आठ वाजता त्याला व्हायल (सीलबंद छोटी बाटली) लावायची जबाबदारी असते, त्यांच्यासाठी आहे.

शिशाच्या जाड कवचात एक छोटा काचेचा कॉलम असतो. त्यात ॲल्युमिना आणि ॲल्युमिनाला चिकटलेलं मॉलिब्डेनम-९९, लॅबच्या बोलीत ‘मोली’. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. त्यातून जन्मणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचं ६ तास, आणि गॅमा १४० केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं माप). मॉलिब्डेटला (मोलीच्या कॉलमवरच्या रूपाला) ॲल्युमिना घट्ट धरतं, परटेक्नेटेटला (टेक्नेशियमच्या रूपाला) सैल धरतं. वरून ०.९ टक्के सलाईन ओढलं की परटेक्नेटेट खाली उतरतं आणि मोली जागेवर राहतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेला हे जमलं, तेव्हापासून जगभर या डब्याला ‘गाय’ म्हणतात. मराठीत तर सकाळच्या इल्यूशनला, म्हणजे सलाईनने टेक्नेशियम उतरवण्याला, ‘धार काढणं’ हा शब्द आयताच तयार आहे. उपमा शेवटपर्यंत लागूही पडते: वेळेवर धार काढली नाही तर दूध कमी येतं आणि बिघडतंही.

आधी खरेदी. कोटेशनवर ‘५०० मिलीक्युरी’ (किरणोत्सर्गाचं एकक) लिहिलेलं असतं. हा आकडा मोलीचा की टेक्नेशियमचा, आणि कुठल्या दिवशी किती वाजताचा, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो निरर्थक आहे. समजा एक पुरवठादार सोमवारी सकाळी ८ चे ५०० मिलीक्युरी मोली देतो, दुसरा बुधवारी दुपारी १२ चे ४००. कागदावर पहिला मोठा दिसतो. पण दुसऱ्याचा आकडा ५२ तास मागे नेला तर सोमवारी सकाळी त्यात ६९० च्या आसपास मोली असतो. म्हणजे दुसरा जवळजवळ दीडपट आहे. तसंच टेक्नेशियमचं: मागच्या धारेनंतर २४ तासांनी कॉलमवर जेवढा मोली उरलेला असतो, त्याच्या साधारण ८८ टक्के टेक्नेशियम साठतं. तेव्हा २४ तासांच्या वाढीचं ५०० टेक्नेशियम लिहिलं असेल, तर त्यामागे मोली ५६५ आहे.

आता वार. सोमवारी सकाळी ८ ला ५०० मिलीक्युरी मोली असलेला जनरेटर टेबलावर आहे, रोज सकाळी ८ ला धार काढतो आणि उतारा (साठलेल्यापैकी हाती येणारा वाटा) ९० टक्के मिळतो, असं धरून हिशेब केला तर सोमवारी ४३० मिलीक्युरी (तो दोन दिवस साठलेला असतो म्हणून), मंगळवारी ३१०, बुधवारी २४०, गुरुवारी १८७, शुक्रवारी १४५, शनिवारी ११३. आठवड्याची बेरीज १४२५. हाच जनरेटर विमानतळावर अडकून मंगळवारी सकाळी आला तर सोमवार गेलाच, मंगळवारी थोडं जास्त म्हणजे ३३५ मिळेल, पुढचे आकडे तेच. बेरीज १०२०. एका दिवसाच्या उशिराने चारशे मिलीक्युरी, म्हणजे आठवड्याच्या पुरवठ्यातला २८ टक्के हिस्सा बुडाला आणि बिल तेवढंच राहिलं. म्हणून दोन कोटेशन्सची तुलना करताना किंमत लेबलवरच्या आकड्याने भागू नका, या आठवडाभराच्या बेरजेने भागा. आणि करारात ‘पोहोचण्याचा वार व वेळ’ हे कलम घाला, उशीर झाल्यास किती भरपाई तेही लिहून घ्या. आमच्या मते थोडा कमी ताकदीचा पण सोमवारी सकाळी सातला दारात येणारा जनरेटर कागदावर मोठ्या पण बेभरवशाच्या जनरेटरपेक्षा कधीही चांगला.

महाराष्ट्रात याचा एक भौगोलिक पैलू आहे. अणुऊर्जा विभागाचं ‘ब्रिट’ (किरणोत्सर्गी औषधं पुरवणारी संस्था) वाशीला आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या विभागांना देशी पुरवठा हाकेच्या अंतरावर. नागपूरला किंवा मराठवाड्याच्या टोकाला मात्र प्रवास मोजावा लागतो. बारा तासांत मोली १२ टक्के उतरतो. तो आकडा आपल्या ऑर्डरमध्ये आधीच मिळवून मागा. एकाच पुरवठादारावर विसंबू नये, हे २००९-१० मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. कॅनडातली मोली बनवणारी एनआरयू अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद होती आणि मध्येच नेदरलँड्समधल्या पेटनचीही बंद झाली. ती एनआरयू २०१८ मध्ये कायमची थांबली. दुसऱ्या पुरवठादाराचं नाव एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरच्या परवानगीसकट आधीच तयार ठेवलेलं बरं. ऐनवेळी कागद जुळत नाहीत.

ओला की कोरडा, हा पुढचा निर्णय. ओल्या जनरेटरमध्ये सलाईनची टाकी आतच असते, तुम्ही फक्त निर्वात व्हायल लावायची. सोपं आहे, चुकायला जागा कमी आहे. पण कॉलम सतत भिजलेला राहतो. मोलीच्या किरणोत्सर्गाने पाण्याचं विघटन होतं, त्यातून तयार होणारे घटक सात संयुजेच्या टेक्नेशियमला खाली आणतात, आणि खाली आलेलं टेक्नेशियम ॲल्युमिनावरच अडकून बसतं. जास्त ताकदीच्या जनरेटरमध्ये उतारा हळूहळू घसरतो तो यामुळे. कोरड्यात तुम्ही सलाईनची व्हायल लावता, मग निर्वात व्हायल. सलाईन संपल्यावर गाळणीतून आलेली हवा कॉलममधून ओढली जाते आणि तो कोरडा होतो. ऑक्सिजनमुळे टेक्नेशियम वरच्या संयुजेत टिकतं, उतारा सुधारतो. शिवाय इल्युएटचं (धारेतून निघालेल्या द्रावणाचं) आकारमान तुमच्या हातात राहतं: ५ मिलीची सलाईन व्हायल लावा किंवा १० ची.

हा शेवटचा मुद्दा आठवड्याच्या शेवटी सोन्यासारखा ठरतो. सेस्टामिबी हे हृदयाच्या स्कॅनचं औषध; त्याच्या किटमध्ये, म्हणजे इल्युएट मिसळून औषध तयार करायच्या व्हायलमध्ये, १ ते ३ मिली एवढंच टाकता येतं. शुक्रवारी १४५ मिलीक्युरी १० मिलीत काढलं, तर ३ मिलीत जेमतेम ४३ येतं. विश्रांतीच्या स्कॅनचा डोस ८ ते १० आणि ताणाच्या स्कॅनचा २५ ते ३० धरला, तर एका रुग्णातच किट संपलं. तेच ५ मिलीत काढलं तर ३ मिलीत ८७ पर्यंत जातं आणि दोन रुग्ण होतात. म्हणून आमची पसंती कोरड्याला, आणि सोबत ५ व १० मिली दोन्ही मापांच्या सलाईन व्हायल पाठवणाऱ्या पुरवठादाराला. फक्त १० मिलीच्या पाठवणाऱ्याला ऑर्डर देण्याआधीच सांगून ठेवा.

कोरड्या जनरेटरवर सर्वाधिक दिसणारी चूक घाईची आहे. व्हायलमध्ये सलाईन आलं, बुडबुडे सुरू झाले की ती ओढून काढायची. असं केलं की कॉलममध्ये पाणी राहतं आणि कोरड्या जनरेटरचा फायदाच जातो. पुढच्या दिवशी उतारा पडला की दोष पुरवठादाराला. बुडबुडे येऊ लागल्यावर उत्पादकाने सांगितलेली वेळ पूर्ण होईपर्यंत व्हायल तिथेच ठेवा, हवा ओढून संपू द्या. दुसरी चूक सुयांची. सलाईनच्या बाजूला दोन सुया असतात, एक सलाईनची आणि एक हवेची. इल्युएटच्या बाजूला एकच. निर्वात व्हायल चुकून दुसुयी बाजूला बसली की निर्वात क्षणात संपतं, व्हायल वाया जाते. तिसरी चूक सलाईनची: परिरक्षक घातलेलं किंवा वॉर्डातल्या बाटलीतून काढलेलं सलाईन अजिबात वापरू नये. परिरक्षक पुढे किटमधल्या स्टॅनसशी (टेक्नेशियमला औषधाशी बांधायला मदत करणाऱ्या कथिलाच्या क्षाराशी) भांडतं.

धार अजिबातच आली नाही, तर घाबरून जनरेटर हलवू नका. आधी दुसरी नवी निर्वात व्हायल लावून बघा, कारण बहुतेक वेळा पहिल्या व्हायलचं निर्वातच गेलेलं असतं. मग सुई वाकली आहे का, रबरी बुचाचा तुकडा सुईत अडकला आहे का, सलाईन व्हायल पूर्ण खाली दाबली गेली आहे का, हे बघा. एवढं करूनही काही येत नसेल तर आत हात घालायचा नाही. पुरवठादाराला फोन करायचा. कवच उघडून कॉलमकडे जाण्याचा अधिकार हॉट लॅबमध्ये कोणालाच नाही.

आता दर्जाची तपासणी, जिथे चांगल्या आणि वाईट जनरेटरचा खरा फरक दिसतो.

मोली गळती, म्हणजे मॉलिब्डेनम ब्रेकथ्रू. इल्युएटची व्हायल शिशाच्या ठराविक जाडीच्या भांड्यात ठेवून डोस कॅलिब्रेटरमध्ये (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रात) मोजायची. टेक्नेशियमची १४० केईव्हीची गॅमा त्या शिशात अडकते, मोलीची ७४० आणि ७७८ ची आरपार येते. आधी पार्श्वभूमी, मग शिशासह मोली, शेवटी शिशाविना टेक्नेशियम, हा क्रम पाळा. काही कॅलिब्रेटरमध्ये शिशाचा गुणक आतच धरलेला असतो, काहींमध्ये हाताने गुणावा लागतो. नवा कॅलिब्रेटर आला की हे एकदा तपासा, नाहीतर महिनोन्‌महिने चुकीचा आकडा वहीत पडतो. अमेरिकी मर्यादा आहे दर मिलीक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मोली. युरोपीय फार्माकोपियाची ०.१ टक्का, बरीच सैल. कळीचा मुद्दा असा की ही मर्यादा इंजेक्शन देण्याच्या क्षणी लागू होते. टेक्नेशियम झपाट्याने ओसरतं, मोली हळू. त्यामुळे त्यांचं गुणोत्तर ६ तासांत १.९ पट आणि १२ तासांत साडेतीन पट होतं. सकाळी ३०० मिलीक्युरी निघालं आणि ते संध्याकाळी ८ पर्यंत वापरायचं असेल, तर सकाळी त्यात १२ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मोली चालणार नाही. ‘सकाळी पास झालं होतं’ हे उत्तर पुरत नाही. शरीरात जाणारा मोली यकृतात बसतो, रुग्णाला विनाकारण डोस आणि प्रतिमेला धूसरपणा देतो.

ही तपासणी फक्त पहिल्या दिवशी करून चालत नाही. प्रवासात आपटलेल्या जनरेटरचा कॉलम तिसऱ्या दिवशीही गळू शकतो. रोज, प्रत्येक धारेला.

ॲल्युमिनियमची तपासणी स्वस्त आहे आणि तरीही सगळ्यात जास्त वगळली जाते. सूचक कागदावर एक थेंब इल्युएटचा, शेजारी एक थेंब १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या प्रमाण द्रावणाचा. इल्युएटचा गुलाबी डाग प्रमाणापेक्षा गडद असेल तर तो वापरायचा नाही. ॲल्युमिनियम जास्त झालं की सल्फर कोलॉइडचे (यकृताच्या स्कॅनच्या औषधाचे) गोळे होऊन फुप्फुसात अडकतात, आणि बोन स्कॅनमध्ये यकृत दिसायला लागतं. अशा वेळी डॉक्टर आधी किटला दोष देतात. म्हणून किटची बॅच बदलण्याआधी कालच्या इल्युएटचा कागद बघा. सामू ४.५ ते ७.५ मध्ये आणि द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं. उजेडात शिशाच्या काचेमागून धरून एकदा बघायला दहा सेकंद लागतात.

आणि टेक्नेशियम-९९. याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त, किरणोत्सर्ग नगण्य, म्हणून मीटरवर दिसत नाही. पण रसायनशास्त्र अगदी तेच. धार काढायला जितका उशीर, तितकं हे निरुपयोगी भावंड साठत जातं. २४ तासांच्या धारेत टेक्नेशियमच्या दर शंभर अणूंमधले सुमारे २८ कामाचे, ४८ तासांनी १३, ७२ तासांनी ८ पेक्षाही कमी. बाकीचे किटमधला स्टॅनस खातात आणि परटेक्नेटेट मोकळं राहतं. बोन स्कॅनच्या एमडीपी किटमध्ये स्टॅनस भरपूर असतो, ते निभावून नेतं. एचएमपीएओ (मेंदूच्या स्कॅनचं औषध) निभावत नाही. त्यासाठी २४ तासांच्या आत धार काढलेला जनरेटर आणि दोन तासांपेक्षा ताजं इल्युएट लागतं. रक्तपेशी लेबल करतानाही हीच अडचण येते. नुकत्याच आलेल्या जनरेटरची पहिली धार आणि रविवारनंतरची सोमवारची धार याच कारणाने संशयास्पद. ती थायरॉइडसाठी नुसती परटेक्नेटेट म्हणून किंवा एमडीपीसाठी वापरा. चार तास थांबून दुसरी काढा. २४ तासांत जेवढं येतं त्याच्या ४६ टक्के मिळतं, पण त्यात कामाचे अणू जास्त.

प्रतिमेवर याची खूण ओळखता आली पाहिजे. बोन स्कॅनमध्ये जठर, थायरॉइड, लाळग्रंथी चमकल्या तर मोकळं परटेक्नेटेट. यकृत दिसलं तर अपचयित (खालच्या संयुजेत आलेलं) टेक्नेशियम किंवा ॲल्युमिनियम. तयार औषध तपासायला वॉटमन (गाळण) कागदावर ॲसिटोनमध्ये एक पट्टी आणि सिलिका जेलच्या पट्टीवर सलाईनमध्ये दुसरी. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं आणि अख्ख्या दिवसाचे रुग्ण वाचतात.

दुपारच्या दुसऱ्या धारेबद्दल अकारण कंजुषी दिसते. सकाळी ८ ला काढलं आणि दुपारी २ ला पुन्हा काढलं, तर २४ तासांच्या धारेच्या ६१ टक्के मिळतं. उद्याची धार कमी होईल ही भीती असते, पण ती फक्त ८ टक्क्यांनी कमी होते. वरच्या हिशेबातल्या मंगळवारी दुपारी १४८ मिलीक्युरी जास्तीचे मिळतात आणि बुधवारची सकाळ २४० वरून २२२ वर येते. संध्याकाळी तीन बोन स्कॅन वाढवता येतात. हे जमवायचं तर पुरवठादाराने आठवड्याला सहा नव्हे, दहा-बारा निर्वात आणि सलाईन व्हायल द्यायला हव्यात. ऑर्डरमध्ये तेही लिहा.

रुग्णांची यादीही जनरेटरच्या ताकदीप्रमाणे लावावी. सोमवार-मंगळवारी हृदयाचे स्कॅन, मधल्या दिवशी बोन, शुक्रवार-शनिवारी मूत्रपिंडाचे डीटीपीए आणि डीएमएसए, थायरॉइड. तिथे ३ ते ५ मिलीक्युरीत काम होतं. शुक्रवारीच बोन स्कॅन करायचे झाले तर लक्षात ठेवा, ११ वाजता २० मिलीक्युरी द्यायला ८ वाजता २८ लागतात. १४५ मध्ये पाच रुग्ण, सहावा बोलावू नका.

देशी पर्यायात एकेकाळी मोठा वाटा असलेल्या एमईके (मिथिल इथिल किटोन) पद्धतीबद्दल सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून तयार होणाऱ्या मोलीत प्रतिग्रॅम किरणोत्सर्ग कमी असतो. तो छोट्या कॉलमवर मावत नाही. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडमधल्या मोलीवर मिथिल इथिल किटोन घालायचं, ढवळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, वरचा थर काढून ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून न्यायचा, पाण्याच्या बाथवर किटोन उडवायचं आणि उरलेलं सलाईनमध्ये घ्यायचं. हवं तितक्या थोड्या सलाईनमध्ये घेता येतं, त्यामुळे अतिशय घट्ट टेक्नेशियम मिळतं. ते या पद्धतीचं मोठं बलस्थान. भारतातल्या कित्येक विभागांनी वर्षानुवर्षं याच जोरावर काम केलं, आणि ज्यांनी ते हाताने केलं त्यांच्या कौशल्याला मनापासून दाद द्यावी. पण वेळ पाऊण तासाच्या घरात, हातांना डोस, किटोन ज्वालाग्राही, ते पूर्ण उडालं नाही तर इल्युएटला वास आणि किटमध्ये गडबड, निर्जंतुकता सगळी तुमच्या हातावर. ब्रिटने पुढे हीच पद्धत ‘ऑटोसोलेक्स’ या स्वयंचलित यंत्रात बसवली, तो मार्ग हातच्या पद्धतीपेक्षा कितीतरी बरा. दिवसाला दहा-बारा स्कॅन करणाऱ्या एका कॅमेऱ्याच्या विभागाला मात्र आम्ही कॉलम जनरेटरच सुचवू.

जनरेटर आल्यावर दारातच काही गोष्टी करा. पेटीवर पिवळा-दोन किंवा पिवळा-तीन हे किरणोत्सर्गाच्या श्रेणीचं लेबल असेल. पृष्ठभागावर आणि एक मीटर अंतरावर किरणोत्सर्ग मोजा आणि वाहतूक निर्देशांकाशी (एक मीटरवरच्या किरणोत्सर्गाचा लेबलवरचा आकडा) जुळवा. ३०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग पुसून त्या कागदावरचा किरणोत्सर्ग मोजा, ४ बेकरेल प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर गेलं तर पुरवठादाराला तत्काळ कळवा. पेटी ओली असेल तर उघडूच नका. उचलायला दोघं आणि ट्रॉली. त्याच्यासाठी शिशाच्या विटांचा वेगळा कोपरा ठेवा, डोस काढायच्या टेबलापासून दूर. मोलीची गॅमा अर्धी करायला ६-७ मिलिमीटर शिसं लागतं, टेक्नेशियमला पाव मिलिमीटर पुरतं. म्हणून अर्धा मिलिमीटरचा लेड एप्रन घालून जनरेटरजवळ रेंगाळण्यात अर्थ नाही. तिथे अंतर आणि वेळ हेच कवच. धार लावा आणि दोन पावलं मागे या. बोटातला टीएलडी (डोस मोजणारी अंगठी) तळहाताच्या बाजूला घाला, इल्युएट नेहमी शिशाच्या भांड्यात, सिरिंज टंगस्टनच्या कवचात.

रिकामा जनरेटर परत नेण्याची सोय कोण करतं, हे शेवटी पण ठामपणे विचारा. मोलीची दहा अर्धायुष्यं म्हणजे जवळपास २८ दिवस. परत नेणारा पुरवठादार नसेल तर कोपऱ्यात एका वेळी चार ते पाच जड डबे साठतात आणि जागा, शिसं, नोंदवही सगळं अडकतं. परत पाठवताना किंवा टाकताना किरणोत्सर्गाची सगळी लेबलं काढा किंवा झाका, आणि वहीत मोजलेला आकडा, तारीख आणि आरएसओची (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची) सही असल्याशिवाय तो डबा लॅबच्या दाराबाहेर जाऊ देऊ नका.